पंचेचाळीसच्या तबकड्या

नोकरीभर मी लोकांच्या घरातली वीज मोजली.
रावपुरा, बाबाजीपुरा, फत्तेगंज.
जिन्याखाली, चपलांच्या फळीवर एक पाय देऊन
टॉर्च लावायचा, आकडे उतरून घ्यायचे.
काचेआड ॲल्युमिनियमची चकती फिरत असायची,
कडेला एक काळी खूण.
खूण किती घाईनं परत येते यावरून सांगता यायचं
आत इस्त्री चालू आहे की नुसता रेडिओ.

आता घरी तीनशे बारा तबकड्या आहेत,
सगळ्या छोट्या, पंचेचाळीसच्या,
या अंगाला एक गाणं, त्या अंगाला एक.
बहुतेक इंग्रजी. एक रशियन,
कोयलीच्या रिफायनरीवर आलेल्या कुणा इंजिनियरनं मागे टाकलेली,
निळी, पातळ, भिजल्या पापडासारखी वाकणारी.
शुक्रवारच्या बाजारात दहा रुपयांना मिळायच्या,
नळाच्या तोट्या आणि मांजाच्या फिरक्यांशेजारी.

मला इंग्रजी येतं ते बिलापुरतं.
म्हणून गाण्याची नव्हे, तबकडीची हकीकत लिहितो,
जुन्या मीटर-कार्डाच्या पाठीवर, आणि पाकिटात सरकवतो.
दोनशे सातवर हिरव्या शाईत: ‘जरू, परत कर.’
केलेली नाही, उघडच आहे.
एकोणनव्वदचं मधलं भोक कुणीतरी भाजीच्या सुरीनं मोठं केलंय.
घाई असणार. पाहुणे आले असतील, किंवा भांडण झालं असेल.
चौतीसवर दातांच्या खुणा. कुत्रा की मूल,
यावर हिचं आणि माझं अजून एकमत नाही.

पहिल्या नंबरचं कार्ड मी तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.

फत्तेगंज, चर्चमागची चाळ, शहाऐंशीचा मे.
एस्तरबेन मॅकवान. नवरा डभोई लाइनवर गार्ड,
दोन वर्षांपूर्वी गेलेला. तीन बिलं थकलेली.
लाइनमन रजेवर, म्हणून पक्कड माझ्या हातात.
तिनं वाद घातला नाही.
म्हणाली, ‘भाई, त्रण मिनिट ऊभा रहो,’
आणि पंखा बंद केला, दिवा बंद केला,
वाण्यासमोर सुटे मोजून ठेवावेत तसं.
मग आतून सुई टेकल्याचा आवाज,
तापल्या तव्यावर पाण्याचे चार थेंब.

मी मीटरकडे बघत उभा राहिलो.
दुसरीकडे कुठं बघणार?
आत तबकडी सव्वाशे वेळा फिरली असेल.
इथं चकती निघाली, रेंगाळली,
काळी खूण मागे गेली, बराच वेळ दिसलीच नाही,
आणि गाणं संपता संपता पुन्हा समोर आली.
एक फेरा. एक पैसासुद्धा झाला नसेल.
मी वायर तोडली.

दारात येऊन तिनं पाकीट माझ्या हातात दिलं.
‘हवे मारे शुं कामनी?’
फॉर्मवर तिची सही घेतली. ते मात्र नियमाप्रमाणे.
कॅरिअरला, बिलबुकाखाली दाबून आणली ती तबकडी.
माझ्याकडे प्लेअरही नव्हता तेव्हा.
तो अठ्ठ्याऐंशीत घेतला, बोनसमधून, हिला न सांगता.

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो
की ते विरहाचं गाणं आहे. दोनदा डोळेही पुसलेत.
परवा भाचीनं, शाल्मलीनं, कान देऊन ऐकलं आणि हसत सुटली:
‘मामा, यात तो पोरगा नुसता म्हणतोय,
चल समुद्रावर, आइस्क्रीम खाऊ,
भावाची गाडी मिळालीय रात्री नऊपर्यंत.’
मी पुन्हा लावायला सांगितलं.
हो. एवढंच.

आमच्याकडे आता नवं मीटर आहे. चकती नाही,
लाल दिवा लुकलुकतो.
पहिला नंबर लावला की मी उठून पंखा बंद करतो.
ही म्हणते, उकडतंय हो.
मी म्हणतो, तीन मिनिटं.